संत्र्याला युरिया किती आणि तोड केव्हा?

नाताळाच्या आठवड्यात आमच्याकडे येणारा प्रत्येक जण संत्र्यांची पिशवी घेऊन येतो. पांढुर्णा-सौंसरकडे ही रीतच आहे. गेल्या काही वर्षांत मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊ लागली आहे. पिशवीतली फळे दिसायला पूर्वीपेक्षा मोठी असतात, पण सोलायला घेतली की साल हातात निसटून येते आणि आतली फोड कोरडी लागते. काही पिशव्यांत याच्या उलट प्रकार असतो. वरून पिवळे केलेले फळ आतून इतके आंबट असते की मुले एक फोड खाऊन उरलेले ताटलीत ठेवून देतात. आणणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून आम्ही खातो. परंतु हे संत्रे असे का झाले, याचा विचार या पानावर व्हावयास हवा असे आम्हाला वाटते, कारण आपल्या भागातील निम्म्या घरांची चूल या फळावर चालते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, फादरांना बगीच्यातले काय कळते? प्रश्न रास्त आहे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, युरिया शिकवला नाही. युरिया आम्ही आमच्या आवारातल्या अकरा झाडांवर शिकलो, आणि तोही चुकून. एका वर्षी सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर खोलीत अर्धी पिशवी शिल्लक दिसली. पडून दगड होण्यापेक्षा झाडाला घातलेली बरी, असा सोपा हिशेब करून आम्ही ती अकरा आळ्यांत वाटून टाकली. पंधरा दिवसांत झाडे अशी काळीभोर झाली की येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. आम्ही मनातून फुगलो. पुढे कोवळ्या फुटीवर कोळशी आली, पाने काजळी लागल्यासारखी काळी पडली. शेजाऱ्यांची फळे नोव्हेंबरच्या अखेरीस रंगावर आली तरी आमची डिसेंबर अर्धा सरेपर्यंत हिरवीच होती. शेवटी तोडली तेव्हा साल बोटाएवढी जाड (थोडी अतिशयोक्ती होते आहे, पण थोडीच) आणि रस बेताचा. शाळेतल्या पोरांनी त्यांचा चेंडू केला.

झाले ते असे. नत्र हे पानांचे व फुटीचे अन्न आहे. झाडाला ते लागतेच, नत्रावाचून फळ धरत नाही. पण फळ पक्व होण्याच्या दोन-तीन महिने आधी नत्राचा भरघोस घास दिला, तर झाड फळाकडचे लक्ष काढून नव्या फुटीकडे वळते. साल जाड व खरखरीत होते, हिरवा रंग जाता जात नाही, आंबटपणा लांबतो आणि साल व फोड यांच्यामध्ये पोकळी राहते. कोवळी लुसलुशीत पालवी म्हणजे सिट्रस सायला आणि कोळशी यांना आमंत्रणच. म्हणजे खताला पैसा गेला, मग फवाऱ्याला गेला, आणि फळ मात्र बिघडले.

हा अनुभव आम्ही एका जुन्या बागायतदारांना सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, “फादर, तुमचं काय, तुम्ही खायसाठी लावले. आमचं झाड हिरवंगार नाई दिसलं त व्यापारी फटफटीवरून उतरतच नाई.” या एका वाक्यात सगळी गोम आहे, असे आमचे मत आहे. आपल्याकडे बगीचा पुष्कळदा फळ लहान असतानाच, झाडावरच विकला जातो. व्यापारी फेरी मारतो, झाडाचा डौल पाहतो, फळांचा अंदाज बांधतो, सौदा करतो आणि इसार देतो. त्या दिवशी झाड काळेभोर दिसावे आणि फळ ठसठशीत दिसावे म्हणून युरिया पडतो. ते फळ पुढे खाणाऱ्याच्या तोंडात कसे लागेल याची चिंता विकणाऱ्याला उरत नाही. तोड केव्हा करायची हेही व्यापारी ठरवतो. तो ठरवतो बाजार पाहून, फळ पाहून नव्हे. खत देणारा एक, तोडणारा दुसरा आणि आंबट खाणारा तिसरा. अशा व्यवहारात संत्र्याची चव राखण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

आता खताच्या मात्रेविषयी थोडा हिशेब मांडू, कारण नुसता उपदेश कोणाच्या उपयोगाचा नाही. नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था १९८५ साली स्थापन झाली. तिच्या आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी जमिनीप्रमाणे थोड्याफार वेगळ्या आहेत. ढोबळमानाने पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला ६०० ते ८०० ग्रॅम नत्र, २०० ते ३०० ग्रॅम स्फुरद आणि त्यांच्या जोडीने पालाश सांगितले जाते. हे आकडे नत्राचे आहेत, युरियाचे नव्हेत, आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून ६०० ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे १ किलो ३०० ग्रॅम युरिया. जो डीएपी घालतो त्याने लक्षात ठेवावे की डीएपीतही १८ टक्के नत्र आहे. अर्धा किलो डीएपी दिला तर २३० ग्रॅम स्फुरद मिळून गेला आणि ९० ग्रॅम नत्रही गेले. मग युरिया १ किलो १०० ग्रॅमच पुरे. पालाश ३०० ग्रॅम द्यायचे असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश अर्धा किलो लागते.

वीस फुटांवर लावलेल्या बगीच्यात एकरी ११० च्या आसपास झाडे बसतात. ६०० ग्रॅमच्या हिशेबाने एकराला वर्षाकाठी ४५ किलोच्या तीन पिशव्यांहून थोडा अधिक युरिया लागतो. आपण किती टाकता, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजून पाहावे. आम्ही विचारले तेव्हा काहींनी पाच सांगितल्या, एकाने सात. पालाश किती, असे विचारल्यावर बहुतेक जण गप्प राहिले. युरिया स्वस्त आणि पालाश महाग, हे त्याचे कारण उघड आहे. पण पालाश कमी पडले की फळ बारीक राहते आणि साल पातळ होऊन वाटेत फुटते. मग फळ फुगवण्यासाठी पुन्हा युरिया. हे चक्र आहे.

वेळ तर मात्रेहूनही महत्त्वाची. आंबिया बहाराला ताण तोडून पहिले पाणी देताना शेणखत, सगळा स्फुरद, पालाश आणि निम्मे नत्र द्यावे. उरलेले निम्मे नत्र फळ वाटाण्याएवढे होऊन टिकले म्हणजे द्यावे. पोळा झाला, जांब नदीच्या पात्रात गोटमार झाली, की त्यानंतर आंबियाच्या झाडाला युरियाची पिशवी दाखवूही नये. खत खोडाशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली पसरून मातीत मिसळावे आणि वर पाणी द्यावे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीवर उघडा टाकलेला युरिया वाफ होऊन उडून जातो, आणि त्याचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे. ओल्या खोडाला डिंक्या लागला की मग खताचा प्रश्नच मिटला.

पान पिवळे दिसले की युरिया, हीही एक चुकीची सवय आहे. पान सगळेच फिकट असेल तर नत्र कमी असू शकते. परंतु शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर ती बहुधा जस्ताची किंवा लोहाची उणीव असते आणि चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीचीच आहे. तिला युरियाने उतार पडत नाही. माती आणि पान तपासून घेतल्यावाचून हा रोग नुसत्या डोळ्याने ओळखणे अवघड, हे आम्ही मान्य करतो.

आम्ही रासायनिक खताच्या विरुद्ध नाही. शेणखतावर सर्व भागते असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण झाडामागे ५० किलो शेणखत आणायचे कोठून हे ते सांगत नाहीत. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठे रिकामे झाले. आहे ते शेणखत, निंबोळी ढेप, हिरवळीचे खत आणि मोजून दिलेले रासायनिक खत, असा मेळच आजच्या घडीला चालण्यासारखा आहे.

तोडीविषयी आमचे म्हणणे थोडे कडक आहे. आंबा, केळी, चिकू ही फळे तोडल्यावर पिकतात. संत्रे पिकत नाही. झाडावरून उतरले त्या क्षणी त्यात जेवढी साखर असेल तेवढीच राहते. नंतर त्याला अढीत घाला, इथिलीन वायूच्या खोलीत ठेवा, किंवा काही लोभी लोक करतात तशी कार्बाइडची पुडी लावा. साल पिवळी होईल, फोड गोड होणार नाही. इथिलीन मोजून वापरण्यास कायद्याची परवानगी आहे. पण फळ आतून पक्व असून केवळ रात्रीच्या उकाड्यामुळे सालीवर हिरवे राहिले असेल, तरच त्याचा उपयोग. कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. त्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात, आणि ती पुडी हाताळणाऱ्या मजुराचे हात व डोळे आधी जळतात.

आंबियाचे फळ फेब्रुवारीच्या फुलावर धरले तर पक्व होण्यास आठ-नऊ महिने घेते. म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत. मृगाचे फळ फेब्रुवारी-मार्चकडे येते. दिवाळीच्या बाजाराला पहिला माल जास्त भाव खातो, म्हणून सप्टेंबरच्या शेवटीच हिरवी आंबट फळे उतरवणारे आहेत. त्यांना त्या आठवड्यात चार पैसे अधिक मिळतही असतील. पण दिल्ली-कलकत्त्याच्या गिऱ्हाइकाने एकदा ते आंबट फळ खाल्ले की तो पुढचे दोन महिने संत्र्याकडे पाहत नाही. त्याचा भुर्दंड धीर धरणाऱ्या शेजाऱ्याला बसतो. हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच गावात आपणच एकमेकांवर करतो.

उलट टोकही तितकेच वाईट. २०१९ नंतर बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, तेव्हा आपल्याकडचाही भाव बसला. अशा वेळी ‘आज नाही तर महिन्याने भाव येईल’ म्हणून फळ झाडावरच ठेवण्याकडे कल होतो. झाड म्हणजे काही गोदाम नव्हे. पक्व फळ फार दिवस राहिले की साल सैल पडते, फळ फोपसे होते, रस आटतो आणि वाहतुकीत ते टिकत नाही. त्याहून मोठे नुकसान असे की झाडाची साठवलेली शक्ती त्यातच खर्च होते. पुढच्या बहाराला ताण द्यायची वेळ झाली तरी खांद्यावर जुने ओझे असते. त्यातून आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार धरणारा शेतकरी झाडाला विसावाच देत नाही. पाच-सहा वर्षांत शेंड्याकडून सल येऊ लागते, आणि मग बाप सांगतो की आमच्या वेळी हे झाड तीस वर्षे चालत असे.

पक्वता ओळखण्यास फार शिक्षण लागत नाही. बगीच्याच्या निरनिराळ्या भागांतून पाच-सहा झाडे निवडावी. प्रत्येकाच्या चारी बाजूंची एक-एक फळे तोडून, चिरून, चाखून पाहावी. आपण स्वतः न चाखता घरातल्या लहान मुलाला द्यावी, हे आमचे गुपित आहे. मूल खोटे बोलत नाही. ज्याला मोजून पाहायचे असेल त्याने गोडी मोजण्याचे छोटे यंत्र चार-पाच जणांत मिळून घ्यावे. रसातील विद्राव्य घटक १० अंशांच्या पुढे गेले आणि आंबटपणा उतरला, की फळ तयार समजावे. फळ ओढून तोडू नये, देठाजवळ कात्रीने कापावे. दव असताना किंवा पावसाच्या ओलीत तोड करू नये. ओल्या सालीतले तेल फुटून डाग पडतात आणि तेथूनच कूज सुरू होते.

हे दुखणे केवळ आपलेच आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत पाणथळ जमिनीवर क्रॅनबेरी नावाच्या बोराएवढ्या आंबट लाल फळाचे वेल असतात. तेथेही नत्र जास्त झाले की वेल नुसते पसरतात, फळ कमी येते, रंग भरत नाही आणि साठवणीत टिकत नाही. तोड आधी केली तर फळ फिके, फार लांबवली तर गारठ्याचा धोका. झाड वेगळे, माती वेगळी, पण माणसाची घाई तीच. फरक एवढाच की त्या मालाची किंमत ठरवताना फळाचा रंगही पाहिला जातो, म्हणून शेतकऱ्याला धीर धरण्याचा मोबदला मिळतो. आपल्याकडे नग आणि आकार मोजतात. गोडी कोणी मोजत नाही. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा झाला आहे. या नव्या जिल्ह्याच्या मंडईत गोडी मोजून प्रत ठरवण्याची सोय झाली, तर शंभर व्याख्यानांनी होणार नाही ते काम होईल असे आम्हाला वाटते. तोवर चार-सहा बागायतदारांनी एकत्र येऊन, फळ पक्व झाल्यावर आणि वजनावर विकण्याची अट सौद्यात घालून पाहावी. एकट्याचे व्यापारी ऐकणार नाही. सहा जणांचे कदाचित ऐकेल.

माहितीची एक अडचणही येथे नोंदवतो. सरकारी पत्रके आपल्याला हिंदीत मिळतात, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचीही हिंदीतच असतात. पण संत्र्यावरचे पुष्कळसे मराठी साहित्य वरुड, काटोल, अकोल्याकडचे. म्हाताऱ्या बागायतदारांना मराठी वाचता येते, पण ते साहित्य सीमेपलीकडे राहते. झाडाला मात्र ही सीमा माहीत नाही. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी येताना पुस्तिका आणाव्यात, आम्ही त्या वाचनालयात ठेवू.

आता आरोग्याचा भाग, ज्यासाठी खरे तर आम्ही हा लेख लिहायला बसलो. झाडाने न घेतलेला युरिया जातो कोठे? काही हवेत उडतो, उरलेला नायट्रेट होऊन पावसाबरोबर मुरुमातून खाली उतरतो आणि आपल्याच विहिरीत येतो. बगीच्याची विहीर आणि पिण्याची विहीर आपल्याकडे पुष्कळदा एकच असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे भारतीय मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातील सुमारे २० टक्के नमुने या मर्यादेच्या वर निघाले. सारा दोष युरियाचा नव्हे. विहिरीलगतचे उकिरडे आणि शौचखड्डेही त्यात भर घालतात.

मोठ्या माणसाला याचा त्रास लवकर जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला, विशेषतः वरच्या दुधात असे पाणी मिसळून पाजले तर, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. ओठ, नखे निळसर दिसू लागतात, बाळ मलूल होते. असे दिसल्यास घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखान्यात न्यावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे ते उलट दाट होते. म्हणून लहान बाळास आईचे दूध हेच उत्तम, आणि ते शक्य नसेल तर तपासलेल्या पाण्याखेरीज दुसरे पाणी वापरू नये. एका आजीबाईंनी आम्हाला विचारले, “चाळीस वर्सं हेच पानी पिऊन राह्यलो, तेव्हा काई झालं नाई?” आजी, चाळीस वर्षांपूर्वी त्या वावरात एवढ्या पिशव्या पडत नव्हत्या.

लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत विहिरीचे पाणी तपासून मिळते. ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे किंवा येणार आहे, आणि ज्यांची पिण्याची विहीर बगीच्यात आहे, त्यांनी आधी तपासून घ्यावे. एक लिटरची प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावे आणि वर घराचे नाव, विहिरीची जागा व तारीख लिहावी. पाणी त्याच दिवशी सकाळी भरलेले असावे, आदल्या दिवशीचे नको. पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर बाटल्या वऱ्हांड्यात आणून ठेवल्यास आम्ही त्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवू आणि सोमवारी सकाळी एकत्रच पोचवू. आमच्या आवारातल्या विहिरीची बाटली त्यात पहिली असेल.